शेजारची खुर्ची

रोसिंटाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ती मला दिसतच नव्हती. नववीचा वर्ग होता, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होते आणि मागच्या टेबलाखालून आवाज आला, "बाई, ह्याचा वॉशरच गायब आहे. कुणी काढला असेल तर मुकाट्यानं द्या, नाहीतर हे टेबल जन्मभर लंगडणार."

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी. टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले, त्यांत रबरी चपला. डब्यातल्या चमच्याचं टोक स्क्रूच्या खाचेत घालून ती तो पिळत होती.

"रोसिंटा, वर ये."

"आलेच. दोन फेरे राहिलेत."

"तू इथे इंग्रजी शिकायला येतेस ना?"

"येते की. पण डुगडुगतं ना बाई. डुगडुगणाऱ्या टेबलावर माझ्या डोक्यात काही शिरत नाही."

वर्ग हसला, मीही हसले, आणि मग हसता हसता थांबले. कारण तो वर्ग इंग्रजी पुरेसं न येणाऱ्या मुलांचा होता, आणि टेबलाखालून जे इंग्रजी आलं ते माझ्यापेक्षा कितीतरी अस्सल होतं. अमेरिकेतल्या आमच्या ह्या अर्कान्सा राज्यातल्या ट्रकवाल्यांच्या तोंडी असतं तसं. शब्द ताणून, शेवट गिळून बोललेलं. माझी निम्मी हयात इथे गेली, तरी दुकानात मी काही मागितलं की पोरं अजून "काय म्हणालात?" असं विचारतात. रोसिंटाला कुणी विचारलं नसतं.

देवधर हे नाव इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही. मुलं मला 'मिस डी' म्हणत. मी इथे 'बाई' लिहिते आहे, कारण त्यांचा सूर तोच असे.

रोसिंटा बोकमेज इथेच जन्मली. तिचे आईवडील मार्शल बेटांवरून आले, तिथली बरीच माणसं आमच्या गावातल्या कोंबड्यांच्या कारखान्यांत कामाला येतात तशीच. वडील पुढे परत बेटांवर गेले. आई, एमलिन, कारखान्यात दुपारच्या पाळीला कोंबड्यांचे तुकडे करायची. घरात वडिलांची आई होती. आजीला ते लोक बुबू म्हणतात. बुबूला इंग्रजी येत नसे आणि यावं असं तिला वाटतही नसे. घरात आजीशी दुसरी भाषा बोलतात एवढ्यावरून रोसिंटाचं नाव बालवाडीतच त्या यादीत गेलं. यादीतल्या मुलांची दर हिवाळ्यात चाचणी होते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं, असे चार भाग. चारही भागांत पार झालं की सुटका. एकात जरी अडकलं तरी पुढचं वर्षभर रोज इंग्रजीचा जादा तास.

रोसिंटा तीन भागांत सहज पार व्हायची आणि एकात दर वर्षी अडकायची. बोलण्यात.

हे कळलं तेव्हा मला वाटलं, कुणाचे तरी गुण हिच्या नावावर पडलेत. त्या पोरीच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबवायला घंटाच लागायची. आणि पायाला भिंगरी. बसली तर गुडघा हलायचा, उभी राहिली तर पावलांच्या कडांवर डोलायची. सँडविच खायची तेही खिडकी ते दार फेऱ्या मारत. माझ्या वर्गातलं पेन्सिलीला टोक करायचं यंत्र, पडद्याची दोरी, कपाटाचं दार, सगळ्यांवर तिचे हात फिरून गेले होते. दार तर तिनं इतकं घट्ट केलं की नंतर ते उघडायला मला तिलाच बोलवावं लागायचं.

"कपाट आता चोरालासुद्धा उघडणार नाही," मी म्हटलं.

"चोराला तुमच्या कपाटात काय मिळणार, बाई? व्याकरण?"

दहावीत तिच्या हातांना एकदम दिशा मिळाली. त्यांच्या चर्चच्या आवारात मांस भाजायचा मोठा लोखंडी पिंप होता, त्याचा पाय तुटला. तो जोडायला एक माणूस आला. रोसिंटा त्याच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिली, की त्यानं वैतागून आपला जादा मुखवटा तिच्या डोक्यावर घातला. दुसऱ्या दिवशी ती वर्गात आली ती वादळासारखी.

"बाई, लोखंड पातळ होतं! मधासारखं! आणि मग परत लोखंड! आणि तो मुखवटा घातला की तुम्हाला कुणी दिसत नाही आणि तुम्ही कुणाला दिसत नाही. मी तेच करणार."

"काय, मुखवटा घालून फिरणार?"

"वेल्डिंग!"

आमच्याकडे अकरावी-बारावीच्या मुलांना गावाबाहेरच्या केंद्रात वेल्डिंग शिकता येतं. दुपारी बस घेऊन जाते, शाळा सुटायच्या वेळी परत आणते. शाळा संपली की हातात परवाना, आणि ट्रेलर बांधणारे कारखाने अशा पोरांची वाटच बघत असतात. बारावीनंतर तेच शिकायचं तर फी भरावी लागते, आणि एमलिनच्या पगारात ते बसणारं नव्हतं.

वेळापत्रक आणि चाचण्या, दोन्ही पेनी ऑल्सपबाईंच्या हातात होतं. मी रोसिंटाला घेऊन त्यांच्याकडे गेले. पेनीनं पडद्यावर बोट फिरवलं.

"केंद्राची बस दुपारी. हिचा इंग्रजीचा जादा तास दुपारी. दोन्ही नाही होणार, बाळा."

"मग तो तास काढा," रोसिंटा म्हणाली.

"तो मी नाही काढू शकत. तू काढू शकतेस. ह्या हिवाळ्यात चाचणीतून पार हो, तास आपोआप जाईल. पुढच्या हिवाळ्यात झालीस तर उशीर. केंद्रात दोन्ही वर्षं लागतात."

म्हणजे ही शेवटची संधी. रोसिंटानं मान डोलावली. टेबलाखाली तिचा गुडघा इतका हलत होता, की पेनीच्या कपातली कॉफी थरथरत होती.

त्या दिवसापासून मलाच चैन पडेना. मी तिला जेवणाच्या सुट्टीत बोलावू लागले. जुने सरावाचे प्रश्न काढले, माईक लावला, तिला म्हटलं, बोल. ती बोलली. चित्रातल्या बाजाराचं वर्णन कर, म्हटलं, तर तिनं त्यातल्या भाजीवालीचं लग्नसुद्धा मोडून दाखवलं. गुणांचा तक्ता घेऊन मी ऐकायला बसले, पण वजा करायला जागा सापडेना.

"हे असंच तिथे बोल. बस्स," मी म्हटलं.

तिनं माईकची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "तिथे नाही जमत."

"तिथे म्हणजे? भीती वाटते?"

"नाही."

"यंत्राचा त्रास होतो? आवाज नीट येत नाही?"

"येतो."

"मग?"

"तिथे नाही जमत, बाई. बाकी काही विचारा." आणि ती उठून खिडकीशी गेली. पडद्याची दोरी आधीच नीट होती, तरी तिनं ती सोडून पुन्हा बांधली.

प्राथमिक शाळेतल्या तिच्या एका शिक्षिकेला मी फोन केला. "रोसिंटा? गोड मुलगी. फार लाजाळू." मी फोन ठेवला. लाजाळू! ही?

नाताळ झाल्यावर एमलिनचं आमंत्रण आलं. रोसिंटाच्या थोरल्या बहिणीच्या बाळाला वर्ष झालं होतं, आणि त्या लोकांत पहिला वाढदिवस म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. चर्चचं सभागृह माणसांनी फुलून गेलं होतं. बाळ मध्यभागी, फुलांच्या माळेत, कंटाळून झोपलेलं. मी स्वयंपाकघराच्या बाजूला भाताच्या गोळ्यांचं ताट घेऊन बसले. रोसिंटा वाढत होती. एका हातात डाव, दुसरा हात हवेत, आणि भोवती पोरीबाळी खिदळत होत्या.

"...दाढ एवढी सुजली होती! आणि दाताच्या डॉक्टरकडे तारीख कधीची, तर मासे अंडी घालून मोकळे होतील तेव्हाची. मग मी काय केलं, काकाची मासे पकडायची दोरी घेतली. एक टोक दाढेला. घट्ट. आणि दुसरं टोक—"

आणि ती थांबली. नळ बंद करावा तशी. डाव पातेल्याला टेकवला, हात पुसले आणि मागच्या दारानं बाहेर गेली.

समोरच्या दारातून जेल्टन आत आला होता. खांद्यावर बर्फाची पेटी, नजर जमिनीवर. हा जेल्टन माझ्याच सकाळच्या तासाला असे; रोसिंटाच्याच इयत्तेत, तिच्याहून काही महिन्यांनी मोठा. अंगानं दांडगा, बोलणं जेमतेम. तिच्या थोरल्या काकाचा मुलगा. शेजारच्याच घरात राहायचा. त्यानं पेटी ठेवली, तोही लगेच निघून गेला, आणि मग रोसिंटा मागच्या दारानं परत आली. पोरींनी "दुसरं टोक काय गं?" म्हणून गलका केला, पण तिचा हात आता मुकाट्यानं भात वाढत होता.

मी एमलिनला विचारलं, "ह्या दोघांचं भांडण आहे का?"

एमलिन हसली. "भांडण कसलं? भाऊ आहे तो तिचा."

"चुलत."

"आमच्यात चुलत नसतं, बाई. भाऊच. मोठ्या झालेल्या बहिणीनं भावासमोर बडबडायचं नाही. स्वतःचं, अंगाचं, दुखण्याखुपण्याचं तर नाहीच. त्यानंही तिच्यासमोर नाही. आता बरेच जण सोडून देतात. पण आमच्याकडे बुबू आहे." तिनं हनुवटीनं कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीकडे दाखवलं. "बुबू म्हणते, भाऊ जपायचा तर जीभ जपायची."

बुबूला आपल्याबद्दल चाललंय हे कळलं. तिनं माझ्याकडे बघून भुवया उचलल्या. त्यांच्यात भुवया उचलल्या की 'हो' झालं.

मला त्यात नवल वाटायचं कारण नव्हतं. माझी आई थोरल्या दिरांसमोर बोलत नसे. निरोप भिंतीला सांगे आणि काका तो ऐकत. मी निम्मा भात ताटात ठेवून उठले तेव्हा मला आमच्या चाचणीची खोली दिसत होती. सगळी मुलं खांद्याला खांदा लावून, कानांवर हेडफोन, समोर यंत्र. यंत्र विचारतं आणि सगळी एकाच वेळी मोठ्यानं उत्तरं देतात. 'तू आजारी पडलास तेव्हा काय झालं ते सांग.' 'तुझ्या घरच्या सकाळबद्दल सांग.' आणि बसायचं कसं, तर आडनावानं. बोकमेज जे. त्याच्या शेजारी बोकमेज आर. बालवाडीत ते लहान होते. मोठे झाल्यापासून दर हिवाळ्यात हीच शेजारची खुर्ची.

जेल्टनही बोलण्यातच अडकत होता. आम्ही सगळे त्याला घुमा समजत होतो.

सोमवारी मी पेनीकडे गेले.

"खुर्ची हलवू? देवधरबाई, बसायची यादी वरून येते."

"एक खुर्ची हलवायची आहे, पेनी. डोंगर नाही."

"मागे एकदा एका बाईंनी अशीच एक खुर्ची हलवली. अख्ख्या खोलीची चाचणी रद्द झाली. चाळीस मुलं पुन्हा बसली, आणि त्यांच्या आया माझ्या दारात." पेनी वाईट बाई नव्हती. तिनं चष्मा काढून डोळे चोळले. "मुलाला अपंगत्व असेल तर वेगळी खोली देता येते. डॉक्टरचा कागद आणा."

"भाऊ असणं हे अपंगत्व नाही."

"तेच तर म्हणते. मग मी कारण काय लिहू? 'शेजारी भाऊ'? वरचे लोक मला विचारतील, मग काय झालं? माझ्याही शेजारी माझा भाऊ बसायचा. मी त्याला पेन्सिल टोचायचे."

मी निघाले तेव्हा ती मागून म्हणाली, "त्या दोघांपैकी एकानं येऊन स्वतः सांगितलं, लेखी दिलं, तर वर पाठवून बघते. पण त्यांनी सांगायला हवं."

मी रोसिंटाला बाजूला घेऊन सांगितलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही ऑफिसात बोललात? त्याचं नाव घेऊन?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"बाई, त्यावर बोलायचं नसतं! 'मी त्याच्यासमोर बोलत नाही' हे सांगणं म्हणजे त्याच्यासमोर बोलण्यापेक्षा वाईट. तुम्हाला कसं कळत नाही? मी लिहून देऊ, की माझ्या भावामुळे मी नापास होते? त्याच्यामुळे? बुबूनं वाचलं नाही तरी तिला कळेल." तिचे डोळे भरले होते आणि हात काहीतरी पिळायला शोधत होते. शेवटी तिनं स्वतःच्याच जॅकेटची चेन वरखाली केली, ती मोडली, आणि ती तशीच निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीतला सराव थांबला. ती वर्गात यायची, पुस्तक उघडायची आणि गप्प बसायची. गुडघा मात्र हलत असायचा. तिनं नीट केलेलं टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं तरी ती खाली वाकली नाही. मी घरी गेले की भाजी चिरता चिरता पेनीला मनातल्या मनात उत्तरं द्यायचे, चालायला गेले की वरच्या लोकांना. नवरा म्हणाला, "तुझीच चाचणी आहे का?" चाचणीचा बुधवार जवळ येत होता. एमलिनशी बोलावं का, बुबूला भेटावं का? पण जे मुळात बोलायचंच नाही ते मी आणखी कुणाकुणाकडे बोलणार होते?

त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळचा तास सुटला, मुलं गेली आणि जेल्टन मागे राहिला. दारात उभा. एवढा मोठा मुलगा, पण जागा कमी व्यापायची त्याची धडपड असे.

"बाई, चाचणीत पोट दुखलं तर काय करायचं असतं?"

"दुखतंय का?"

"आता नाही. बुधवारी दुखेल."

मी हातातला डबा खाली ठेवला. त्याची नजर माझ्या टेबलाच्या कडेवर होती.

"मग बुधवारी घरी राहा," मी म्हटलं. शिक्षिकेनं असं म्हणू नये, पण म्हटलं. "नंतर वेगळ्या दिवशी बसवतील तुला."

"घरी राहिलो तर बुबू विचारेल, का राहिलास? मग सांगावं लागेल. शाळेत दुखलं तर कुणी एवढं विचारत नाही."

"जेल्टन, तुला नियम माहीत आहे? एकदा यंत्र सुरू झालं आणि तू उठून गेलास, की तो भाग दिला असं धरतात. शून्य. पुन्हा संधी नाही. तू ह्या तासातून सुटणार नाहीस."

त्यानं भुवया उचलल्या.

"तुला सुटायचं नाही?"

"तुमचा तास बरा आहे," तो म्हणाला. "खिडकी आहे."

मला त्याला थांबवायला हवं होतं का? तोही माझाच विद्यार्थी होता. त्याच्या पुढ्यातही अकरावी-बारावी होती. मी तोंड उघडलं, आणि त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. जणू म्हणत होता, आता तुम्हीही बोलू नका. मी तोंड मिटलं.

"उजव्या हाताला परिचारिकेची खोली," एवढंच म्हटलं.

"माहीत आहे."

बुधवारी खोलीत लक्ष ठेवायला पेनी आणि मी होतो. मुलं आडनावानं बसली. जेल्टन आपल्या खुर्चीतून थोडा बाहेरच येत होता. रोसिंटानं आपली खुर्ची दुसऱ्या बाजूला जमेल तेवढी ओढली. बोटभर जागा झाली असेल. तिनं हेडफोन घातले. तिचा गुडघा मला दारापासून दिसत होता. यंत्र सुरू करा, असं पेनी म्हणाली. पडदे उजळले. पहिला प्रश्न कानांत वाजला असणार, कारण मुलांचे ओठ हलायला लागले. आणि जेल्टननं हात वर केला.

"आत्ताच?" पेनी म्हणाली.

त्यानं दुसरा हात पोटावर ठेवला. नाटक त्याला अजिबात येत नव्हतं. पोटावर नव्हे, छातीवरच ठेवला होता.

"बाळा, आत्ता गेलास तर हा भाग गेला. कळतंय ना?"

भुवया.

"हो की नाही, तोंडानं बोल."

"हो," तो म्हणाला आणि उठला. सगळ्या रांगेमागून, भिंतीला लागून, कुणाला धक्का न लावता तो चालत गेला. दार त्यानं इतकं हळू लावलं की लागलं की नाही कळेना. पेनीनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

रोसिंटानं मान वळवली नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. पण तिचा गुडघा थांबला. काही क्षण ती नुसती बसली होती, आणि मला वाटलं, गेलं, सवयच लागली आहे हिला, आता काही ही बोलत नाही. मग तिनं माईक तोंडाजवळ ओढला.

एकदा पट्टा सुरू झाला तो थांबेना. शेजारपाजारची मुलं उत्तरं संपवून जांभया द्यायला लागली, तरी ती बोलतच होती, हात हवेत. पुढच्या प्रश्नाला मी रांगेतून फिरता फिरता तिच्यामागे आले. दुखण्याचाच प्रश्न असावा. "...आणि दोरीचं दुसरं टोक मी बुबूच्या पायाला बांधलं," ती यंत्राला सांगत होती. "ती झोपली होती. मग मी आईच्या फोनवरून घरच्या फोनला फोन लावला. बुबू ताडकन उठली. दाढ फोनच्या आधी दारापाशी पोचली. बुबूला अजून माहीत नाही. कृपया तिला सांगू नका."

मला खोकल्याचं निमित्त करून भिंतीकडे तोंड करावं लागलं.

निकाल वसंत संपत येतो तरी येत नाहीत. केंद्राच्या जागा तोवर भरत होत्या. रोसिंटा पुन्हा माझ्याशी बोलायला लागली होती, पण एकाच विषयावर. सकाळी दारात, "आले?" दुपारी, "आले?" एकदा मी बाथरूममध्ये असताना दाराबाहेरून, "बाई, आले?" तिनं माझ्या वर्गातलं काहीही नीट करायचं बाकी ठेवलं नव्हतं, म्हणून ती नीट असलेलं सोडवून पुन्हा जोडायची. मी एक घड्याळ तिच्या हाती लागू नये म्हणून घरी नेलं.

आले तेव्हा पेनी स्वतः वर्गात आली. तिनं दोन्ही अंगठे वर केले. रोसिंटा खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली आणि वर्गाबाहेर पळत सुटली. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून तिच्या रबरी चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

जेल्टनच्या नावापुढे बोलण्यात शून्य होतं. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या शेजारी दुसरं कुणीतरी असणार, म्हणून मी फार आशा धरून होते. आता रोसिंटा यादीत नव्हती. पण चाचणी झाल्यावर त्यानं सांगितलं, एवढी वर्षं गप्प बसायची सवय झाली की यंत्रासमोर तोंडच उघडत नाही. दोन गुण कमी पडले. बारावी संपेपर्यंत तो माझ्याच तासाला, खिडकीशी बसला. ते दोघं शाळेतून बाहेर पडले त्याच वर्षी मीही निवृत्त झाले.

मला ते बोचत राहिलं, अजून बोचतं. गेल्या उन्हाळ्यात रोसिंटा माझ्या मागच्या दाराचा लोखंडी कठडा जोडायला आली होती. मी न राहवून विचारलं, "तू जेल्टनला त्याबद्दल कधी काही म्हणालीस का गं?"

तिनं मुखवटा वर केला. चेहरा घामानं डबडबलेला होता.

"काय म्हणायचं, बाई?" ती म्हणाली. "त्याचं पोट दुखत होतं." आणि मुखवटा खाली ओढला.

ती आता गावाबाहेरच्या ट्रेलरच्या कारखान्यात चौकटींचं वेल्डिंग करते. जेल्टन तिथेच रंगाच्या खात्यात आहे. पाळी दोघांची एकच. तो समोरच्या दारानं आत जातो, ती मागच्या.